नाद लागतो तेव्हा

कोल्हापुरात एखादी गोष्ट फार आवडली की ‘नाद खुळा’ म्हणतात. तांबडा रस्सा नाद खुळा, बुलेटचा आवाज नाद खुळा, शाहू स्टेडियमवर शेवटच्या मिनिटाला बसलेला गोल नाद खुळा. त्याच गल्लीत ‘पोराला नाद लागलाय’ असं कुणी म्हटलं, की बोलणाऱ्याचा आवाज मात्र आपोआप खाली येतो. कसला नाद, हे विचारावं लागत नाही.

त्यापुढचं बोलणंही ठरलेलं असतं. आई म्हणते, संगत वाईट लागली. शेजारी म्हणतात, मूळचाच तसला होता. तसला म्हणजे कसला? हट्टी, उडाणटप्पू, डोक्यात राख घालून घेणारा? की घुमा, कुढणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा? विशिष्ट स्वभावाची तरुण मुलंच नशेकडे वळतात का, हा प्रश्न आज मानसशास्त्राचा वाटतो. पण तो बराच जुना आहे, आणि त्याच्या इतिहासातली बरीच पानं आपल्याच मुलखातली आहेत.

आधी शब्दाबद्दल थोडं. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ संकट असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं आठवं अधिकरण व्यसनांबद्दल आहे, आणि त्यात आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांचीही चर्चा येते. शिकार, जुगार, स्त्रिया आणि मद्यपान ही राजाची कामातून उपजणारी चार व्यसनं. म्हणजे राज्यावर जसा पूर येतो, तसा राजावर जुगार येतो. व्यसन माणसावर ओढवायचं. पुढे कधीतरी ते बाहेरून आत सरकलं आणि ‘व्यसनी’ हे माणसाचं विशेषण झालं, उंच किंवा काळासावळा असावा तसं. ‘मूळचाच तसला’ या वाक्याची मुळं या सरकण्यात आहेत.

हे सरकणं सरकारी कागदावर कसं झालं, याचा एक उत्तम पुरावा १८९३-९४चा आहे. गांजामुळे हिंदुस्थानातले लोक वेडे होतात आणि वेड्यांची इस्पितळं त्यांनीच भरली आहेत, असा तेव्हा सर्रास समज होता. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. कमिशन देशभर फिरलं, त्याने ११९३ जणांच्या साक्षी नोंदवल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. त्यातला वेडाच्या इस्पितळांचा भाग आजही वाचण्यासारखा आहे, कारण तिथे कमिशनने एक साधं काम केलं. रजिस्टरवर विश्वास न ठेवता एकेक केस मुळापासून तपासली.

१८९२ या एका वर्षात देशातल्या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यातल्या २२२ जणांच्या नावापुढे वेडाचं कारण म्हणून गांजा-भांग-चरस लिहिलं होतं. तपास केल्यावर त्यातले ९८च उरले, आणि त्यातही काहींच्या बाबतीत दुसरी कारणंही होती. बाकीचे कुठे गेले? तर रुग्णाबरोबर एक फॉर्म यायचा आणि त्यात ‘वेडाचं कारण’ असा रकाना असायचा. तो भरायचे पोलीस किंवा कचेरीतले लोक. रस्त्यावर सापडलेल्या, नातलग नसलेल्या माणसाच्या वेडाचं कारण हवालदाराला कसं कळणार? पण रकाना रिकामा कसा ठेवायचा? तो गांजा ओढतो का, एवढं विचारलं की काम भागायचं. ओढत असेल तर कारण सापडलं.

कमिशनने यातून काढलेला निष्कर्ष आजच्या कित्येक बातम्यांपेक्षा शहाणा आहे. बेताने घेणाऱ्यांवर फारसा वाईट परिणाम दिसत नाही, अतिरेक करणाऱ्यांचं नुकसान होतं. आणि अतिरेकाबद्दल त्यांनी दुहेरी विधान केलं: तो मनाच्या अस्थिरतेची खूणही असतो आणि ती अस्थिरता वाढवतोही. कारण आणि परिणाम एकमेकांच्या शेपटी धरून फिरतात, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. ब्रिटिश सरकारला गांज्यावरचा कर हवा होता, तेव्हा हा शहाणपणा अगदी निःस्वार्थी नव्हता असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आकडे तरीही खरे आहेत.

यानंतर पाव शतकाने हाच प्रश्न मराठी रंगभूमीवर आला. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात केला. बालगंधर्वांची सिंधू पाहून मराठी प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या रडला. नाटकाचं नाव आणि त्याची कीर्ती यांमुळे आपल्या डोक्यात एक सूत्र बसलं: एक प्याला घेतला की माणूस संपला. पण नाटक नीट वाचलं तर गडकरींनी एक नव्हे, दोन दारुडे रंगवलेत, आणि दोघांचे स्वभाव दोन टोकांचे आहेत.

सुधाकर हुशार वकील आहे, तापट आणि कमालीचा मानी. कोर्टात मुन्सफाशी वाजतं, सनद काही काळासाठी रद्द होते. तो अपमान त्याला सहन होत नाही आणि त्या क्षणी तळीराम पेला पुढे करतो. तळीरामाला असलं कुठलंच दुःख नाही. त्याला मंडळी हवीत, थट्टा हवी, आर्यमदिरामंडळाची बैठक हवी. तो मौजेसाठी पितो आणि मौजेतच मरतो. सुधाकर विसरण्यासाठी पितो. एकाच बाटलीकडे दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेली ही माणसं. मानसशास्त्रात यावर शोधनिबंध निघायला अजून अर्धं शतक जायचं होतं, पण गडकरींना ते दिसलं होतं. आपण मात्र नाटकातून फक्त पहिला पेला लक्षात ठेवला.

कोल्हापूरने या विषयाला हात घातला तो विनोदाच्या अंगाने. १९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी इथे ‘हंस पिक्चर्स’ काढली. आचार्य अत्रे कथा लिहायचे, विनायक दिग्दर्शन करायचे. १९३९ साली याच जोडीचा ‘ब्रँडीची बाटली’ आला, हिंदीतही आणि मराठीतही. दामुअण्णा मालवणकरांनी त्यात म्युनिसिपालटीतला एक भित्रा, भोळा कारकून रंगवला. मनातल्या मुलीच्या घरी आजारपण, औषध म्हणून ब्रँडी हवी, आणि ज्याला ब्रँडी म्हणजे काय हेच धड माहीत नाही असा हा माणूस बाटली शोधत गावभर फिरतो. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबईत खेर मंत्रिमंडळाने दारूबंदी लागू केली. गंमत म्हणजे कोल्हापूर संस्थान असल्यामुळे मुंबई सरकारचा कायदा इथे चालत नव्हता. दारूबंदीवरचं विडंबन दारूबंदी नसलेल्या गावात तयार झालं.

या कारकुनाला मी इथे उगाच आणलेलं नाही. दारूच्या कथेत मराठी माणूस भित्र्याला कधी धरत नाही. त्याचं भित्रेपण आपल्याला दारूपासूनचं संरक्षण वाटतं, आणि म्हणून त्याच्या हातात बाटली दिली की हसू येतं. भित्री मुलं व्यसनाला लागत नाहीत, हा समज कोल्हापुरात तर फारच पक्का आहे. त्याकडे पुढे येऊ.

१ मार्च १९४९ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५०पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी. ऊस आणि गूळ पिकवणाऱ्या मुलखात हातभट्टीला लागणारा माल घरचाच. ती कथा मोठी आहे आणि वेगळी आहे. इथे एवढंच, की सरकारने या काळात स्वभावाचा विचार सोडून दिला आणि सगळा भार वस्तूवर टाकला: वस्तू नाही तर व्यसन नाही. पुढे बंदी सैल झाली, परवाने आले. वयाची अट राहिली. महाराष्ट्रात आजही बिअर कायद्याने एकविसाव्या वर्षी आणि कडक दारू पंचविसाव्या वर्षी मिळते. पंचविशीच्या आतल्या किती जणांना हे ठाऊक असतं, ते वाचकांनीच सांगावं.

स्वभाव आणि वस्तू या दोघांमधला हिशेब ज्या घटनेने चुकता केला, ती मात्र कोल्हापूरपासून फार लांब घडली. १९७१च्या सुमारास व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइन पसरलं होतं. स्वस्त, शुद्ध आणि छावणीच्या दारात मिळणारं. ही हजारो व्यसनी पोरं मायदेशी परतल्यावर काय होणार, या धास्तीने सरकारने ली रॉबिन्स या संशोधक बाईंना त्यांचा माग काढायला सांगितलं. व्हिएतनाममध्ये जवळपास वीस टक्के सैनिक अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले साधारण पाच टक्केच पुन्हा त्या अवस्थेला गेले. बाईंचे आकडे इतके अनपेक्षित होते की बरीच वर्षं लोकांनी त्यांच्यावर विश्वासच ठेवला नाही.

या आकड्यांत दोन गोष्टी आहेत. वीस टक्के सैनिकांचा स्वभाव विमानात बसल्यावर बदलला नाही. बदलली परिस्थिती: भीती, कंटाळा आणि दारातली पुडी. म्हणजे किती जण बुडतात हे बऱ्याच अंशी वस्तू किती जवळ आहे त्यावर ठरतं. पण एकाच छावणीत, एकाच पुडीशेजारी राहून काहींनी ती घेतली आणि काहींनी नाही. लष्करात येण्याआधी कोण शाळेत उनाड होता, कोणी आधीच नशा करून पाहिली होती, यावरून तो फरक काही प्रमाणात सांगता येत होता. कोण, याचं उत्तर देताना स्वभाव परत आलाच.

आपल्याकडे पुडी दारात आली ती १९८०च्या दशकात. अफगाणिस्तान-इराणकडच्या उलथापालथीनंतर हेरॉइनच्या वाटा भारतातून जाऊ लागल्या आणि मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पोरांच्या हातात पडली. नोव्हेंबर १९८५मध्ये एनडीपीएस कायदा लागू झाला. अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली, पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ला अनिता ऊर्फ डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. आधी चोर, मग वेडा, आणि आता पहिल्यांदाच रुग्ण: मराठीत व्यसनी मुलाची ओळख बदलण्याचं मोठं श्रेय या जागेला जातं. तिथे येणाऱ्यांत सगळे होते. झोपडपट्टीतले आणि बंगल्यातले, दांडगे आणि लाजरे. ‘व्यसनी स्वभाव’ नावाचा एकच साचा असता तर एवढी विविधता एका खोलीत दिसली नसती.

मानसशास्त्रज्ञही साधारण याच ठिकाणी पोचत होते. मार्विन झुकरमन यांनी १९६४ साली थराराची ओढ मोजणारी प्रश्नावली तयार केली. त्याची सुरुवात मजेशीर आहे. ते माणसांना अंधाऱ्या, नि:शब्द खोलीत ठेवून काय होतं ते पाहत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की असल्या प्रयोगाला आपणहून येणारे बरेचसे काहीतरी नवं अनुभवायच्या हौसेने येतात. पुढच्या काळात एक व्यसनी स्वभाव शोधण्याचा नाद संशोधकांनी सोडला आणि अनेक रस्ते शोधायला घेतले. कॅनडातल्या पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी किशोरवयीन मुलांसाठी केलेल्या कामात असे चार रस्ते येतात: निराशा, घाबरटपणा, उतावळेपणा आणि थराराची ओढ. घाबरटपणा म्हणजे इथे छातीत धडधडलं, हात थरथरले की आता काहीतरी भयंकर होणार असं वाटणं. चौघांच्या नशेची कारणं वेगळी, आवडीची वस्तूही वेगळी असू शकते. त्यांच्या कार्यक्रमात नशा वाईट असते हे भाषण नाही. ज्या मुलाचा जो स्वभाव ठळक, त्याला तशाच मुलांच्या गटात बसवून दीड-दीड तासाच्या दोन बैठका, त्या स्वभावाला हाताळायचं कसं याबद्दल. लंडनमधल्या शाळांत याची चाचणी झाली आणि मुलांचं दारू पिणं दोन वर्षांपर्यंत कमी राहिल्याचं दिसलं.

आता सुधाकर, तळीराम आणि तो म्युनिसिपालटीतला कारकून परत आठवून पाहा.

स्वभावाच्या सिद्धान्ताला आणखी एक अडचण आहे, आणि ती आपल्या माजघरातच बसलेली आहे. २०१९ साली दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीत देशातले २७.३ टक्के पुरुष दारू पितात असं आढळलं, आणि बायका १.६ टक्के. निराशा, भीती, उतावळेपणा, थरार यातलं काय बायकांना कमी असतं? फरक स्वभावाचा नाही. कोण कुठे बसू शकतं, कोणाच्या हातात पैसे असतात, कोणाला लोक काय म्हणतात, त्याचा आहे. आणि ज्या घरात सुनेने बिअरचं नाव काढलं तर भूकंप होईल, तिथे आजी रोज सकाळी मिशरी लावते. तंबाखूच ती. निपाणीचा तंबाखूबाजार कोल्हापूरपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. पण मिशरीला ‘नाद’ म्हणत नाहीत, आजीला ‘मूळचीच तसली’ म्हणत नाहीत. सवय म्हणतात. २०१६-१७च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातले चारातले एकाहून जास्त प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. एवढ्या सगळ्यांचा एक स्वभाव शोधायला कुणी निघालं नाही.

कोल्हापूरने स्वतःची ओळख मात्र स्वभावावरच उभी केली आहे. रांगडा. राजर्षी शाहूंनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी होत्याच. पुढे याच तालमींनी फुटबॉल संघ उभे केले; पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं आजही स्टेडियम भरवतात. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध प्यायची रीत याच संस्कृतीतली. या सगळ्याकडे मी गौरवगान म्हणून बघत नाही. पण थराराची ओढ असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराचं करायचं काय, या प्रश्नाला एका गावाने शंभर वर्षांपूर्वी दिलेलं हे उत्तर होतं. माती, आखाडा, वस्ताद, पहाटे उठणं, हजारोंच्या समोर हरणं-जिंकणं. त्याच्या रक्तातली आग विझवायला कुणी गेलं नाही, तिला मैदान दिलं.

त्या उत्तरातही आता फट पडली आहे. तालमीच्या शेजारी जिम आली, आणि गेल्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात जिमला जाणाऱ्या पोरांकडे मेफेंटरमाइनची इंजेक्शनं सापडू लागली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर द्यायचं हे औषध. व्यायामाला जोर यावा म्हणून टोचून घेतात. म्हणजे जो स्वभाव तालमीकडे न्यायचा, तोच आता सुईकडेही नेतो. आणि वस्तू? नोव्हेंबर २०२१मध्ये मुंबई पोलिसांनी मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा, एक कारखाना उघडकीला आणला तो चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत. सर्पशाळेसाठी आणि नागपंचमीसाठी ओळखलं जाणारं गाव. २०२४मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात कुपवाडला साठा सापडला, कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला कारखाना. तिथल्या पोरांचे स्वभाव दोन-चार वर्षांत बदललेले नाहीत.

आणि तो भित्रा? त्याच्यासाठी तालीम कधीच नव्हती. रांगड्या गावात घाबरट मुलगा स्वतःला लपवायला लवकर शिकतो. त्याची छाती धडधडते हे तो कुणाला सांगणार? तो कुणाशी भांडत नाही, गाडी पळवत नाही, शिक्षकांना त्रास देत नाही. त्यामुळे पालकसभेत त्याचं नाव निघत नाही आणि ‘आमचा पोरगा शांत आहे’ असं आई अभिमानाने सांगते. दोन घोट घेतल्यावर हात थरथरायचे थांबतात हे त्याला कळलं, तर तो ते परत करणार. त्यात मौज नाही, त्याला ते औषध वाटतं. ‘ब्रँडीची बाटली’तली ब्रँडीही औषधासाठीच हवी होती.

राहता राहिला ‘मूळचाच’ हा शब्द. चार्ल्स विनिक यांनी १९६२ साली अमेरिकेतल्या नोंदी तपासून मांडलं की हेरॉइनच्या आहारी गेलेले पुष्कळजण तिशी-पस्तिशीत आपोआप त्यातून बाहेर पडलेले दिसतात. त्यावर नंतर बरेच वाद झाले. पण स्वभाव विशीनंतर बदलत राहतो, उतावळेपणा वयाबरोबर ओसरतो, हे पुढच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. सतराव्या वर्षीचा उतावळा पस्तिशीत तसाच असेल असं नाही. मधली वर्षं त्याने काढायची असतात आणि त्या वर्षांत त्याच्या नावापुढच्या रकान्यात कोणी काय लिहिलं, हे फार महत्त्वाचं ठरतं. पोलीस केस झाली तर नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ती निघते. एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४अ थोड्या प्रमाणातल्या पदार्थासह सापडलेल्या आणि आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देतं, उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर. सरकारची मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. फोन लावणाऱ्याला तिथे नाव सांगायची सक्ती नसते, आणि मूळचाच कसा होता हेही कुणी विचारत नाही.